बोटीने नॉरफोक ते फ्लोरिडा: थंडीच्या आधी, आतल्या पाण्याने

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुम्ही दोघं न्यू जर्सीत, नुकतेच निवृत्त झालेले. बोट ३४ फुटी, शिडाची. पाण्याखाली ५ फूट, डोलकाठी पाण्यापासून ४८ फूट. ऑक्टोबरात निघून इंट्राकोस्टल वॉटरवेने, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या आतल्या जलमार्गाने, फ्लोरिडा गाठायचंय. कधी निघावं, आतून जावं की समुद्रातून, खोली पुरेल का, आणि मुलं नाताळात मायामीला भेटू म्हणताहेत तर त्यांची तिकिटं आत्ताच काढून टाकावीत का?

बोटीची चिंता नको. तुमच्या मापाच्या बोटीसाठी हा मार्ग अगदी सोयीचा आहे. तिकिटांचं उत्तर मात्र ठाम ‘नाही’ असं आहे. का नाही, ते कळलं की बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्यातच मिळतात. या मार्गावर ज्या बोटी गाळात बसतात, अल्बेमार्ल नावाच्या उघड्या पाण्यात मार खातात, अंधारात खेकड्यांच्या सापळ्याची दोरी पंख्यात गुंडाळून घेतात, त्यांतल्या बहुतेकांना कुठेतरी एका तारखेला पोचायचं असतं.

आधी हिशेब मांडू. मार्गाचा शून्य मैल व्हर्जिनियात नॉरफोकला, आणि मायामी साधारण १,०९० व्या मैलावर. हे मैल रस्त्यावरचे, सागरी नव्हेत. तुमची बोट इंजिनावर ६ नॉट धरली तर तासाला जेमतेम ७ मैल. नोव्हेंबरात उजेड दहा-साडेदहा तास, आणि पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की पाच वाजताच दिवेलागण. रात्री चालायचं नाही, हा नियम पहिल्या वर्षी तरी मोडू नका. कित्येक मार्करना, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या खुणांना, दिवा नसतो आणि वाहून आलेले ओंडके उजेडातही उशिरा दिसतात. मध्ये पूल उघडण्याची वाट पाहणं आलंच. दिवसाला ४५ मैल पडले तर दिवस चांगला गेला म्हणायचं. म्हणजे निव्वळ चालण्याचे पंचवीसेक दिवस, आणि वारा, पाऊस, दुरुस्ती, कपडे धुणं, कंटाळा यांसाठी जवळपास तितकेच आणखी. नॉरफोक सोडल्यापासून सात-आठ आठवडे हातात ठेवा.

कधी निघायचं

चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. बऱ्याच विमा पॉलिशींत एक अक्षांश दिलेला असतो आणि अमुक तारखेआधी, पुष्कळदा १ नोव्हेंबरआधी, त्याच्या दक्षिणेला बोट दिसली तर वादळाच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. ती रेषा कुणाची हॅटरस भूशिराजवळ असते, कुणाची फ्लोरिडाच्या सीमेवर. कोकणात नारळी पौर्णिमेच्या आधी होडी पाण्यात लोटत नाहीत, तशीच ही तारीख पाळायची. पॉलिसी आजच काढून तो परिच्छेद वाचा. आणि तारीख उलटली म्हणून आकाशाकडे बघणं सोडू नका: सँडी २०१२ मध्ये २९ ऑक्टोबरला तुमच्याच न्यू जर्सीत शिरलं, आणि निकोल २०२२ मध्ये १० नोव्हेंबरला फ्लोरिडात व्हेरो बीचजवळ किनाऱ्यावर आलं.

फार उशीर करण्यातही अर्थ नाही. डिसेंबरात नॉरफोकच्या उत्तरेच्या चेसापीक उपसागरात सकाळी डेकवर हिम असतं आणि गोठण्याच्या भीतीने मरिना धक्क्यावरचं पाणी बंद करायला लागतात. म्हणून माझा सल्ला असा: न्यू जर्सी सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोडा, सगळा ऑक्टोबर चेसापीकला द्या, आणि महिनाअखेरीस नॉरफोकला या. चेसापीकचा ऑक्टोबर हा या अख्ख्या प्रवासातला सर्वांत देखणा भाग आहे. तो पळत पार करणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

तिथवर पोचण्याविषयी थोडक्यात. न्यू जर्सीचा स्वतःचा आतला जलमार्ग तुमच्या पाच फुटांना उथळ पडेल, त्यामुळे सँडी हुक ते केप मे समुद्रातूनच. मध्ये थांबायचं तर मॅनस्क्वान किंवा अटलांटिक सिटी. समुद्रात फुगवटा असताना बार्नेगॅटच्या मुखाशी जाऊ नका. केप मे कालव्यावरचे पूल ५५ फुटांचे आहेत. तुमच्या ४८ फुटांत माथ्यावरचा अँटेना आणि वाऱ्याचं यंत्र धरलंय का, ते आधी तपासा. अँटेना एकटाच तीन फूट खातो. डेलावेअर बेमध्ये भरती सुरू होताच केप मे सोडा, म्हणजे पाणी तुम्हाला वर ढकलत नेईल. वारा भरतीच्या उलट असेल तर त्या दिवशी जाऊच नका.

नॉरफोकनंतरचे दोन रस्ते

नॉरफोकला नौदलाचा तळ लागतो. युद्धनौकेपासून ५०० यार्डांत आलात तर वेग अगदी कमी, आणि १०० यार्डांच्या आत परवानगीशिवाय जायचंच नाही. त्यापुढे मार्ग फुटतो. डावीकडचा अल्बेमार्ल अँड चेसापीक कालवा, ज्याला सगळे व्हर्जिनिया कट म्हणतात: रुंद, जास्त खोल, ग्रेट ब्रिजला एकच लॉक, म्हणजे दोन दारांमध्ये पाणी चढवून-उतरवून बोट वेगळ्या पातळीवर नेणारी जागा. उजवीकडचा डिस्मल स्वॅम्प कालवा: अरुंद, सहा फूट खोल, दोन लॉक, आणि दोन्ही दिवसातून ठरलेल्या मोजक्या वेळीच उघडणारी.

चालू असेल तर मी डिस्मल स्वॅम्पच घेते. पाणी काळ्या चहासारखं दिसतं, झाडांच्या सालींतल्या टॅनिनमुळे. हा कालवा १८०५ साली वाहतुकीला खुला झाला आणि आज वापरात असलेल्या अमेरिकेतल्या मानवनिर्मित कालव्यांत तो सर्वांत जुना. तो गुलाम बनवलेल्या माणसांनी हातांनी खणला, दलदलीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून. त्याच दलदलीत पळून आलेल्या कित्येक गुलामांनी पिढ्यान् पिढ्या लपून वस्ती केली. तिथून जाताना इंजिन हळू ठेवा आणि ही गोष्ट मनात असू द्या.

डीप क्रीकच्या लॉकमध्ये बोट साधारण आठ फूट वर उचलली जाते. पुढची आणि मागची अशा दोन लांब दोऱ्या तयार ठेवा, फेंडर दोन्ही बाजूंना बांधा, आणि दोरी खुंटीला गुंडाळून गाठ मारू नका. पाणी वर येईल तशी ती हाताने ओढून घ्यायची असते. कालव्यात पाण्यावर हिरवं शेवाळासारखं डकवीड तरंगतं. ते इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या गाळणीत जाऊन बसतं, म्हणून एलिझाबेथ सिटीला पोचताच गाळणी उघडून साफ करायची. तळाशी पडलेल्या ओंडक्यावर बोटीचा कणा (कील) एखाद-दोनदा ठक्कन आपटेलही. हळू असलात तर काही होत नाही. एलिझाबेथ सिटीचा धक्का पाहुण्या बोटींना फुकट आहे, आणि १९८३ पासून तिथे ‘रोझ बडीज’ या स्वयंसेवकांनी बोटीवरच्या बायकांना गुलाब देऊन स्वागत करण्याची रीत पाडली.

अल्बेमार्लची वाट बघा

संपूर्ण मार्गावर हवामानासाठी थांबायला मी एकच जागा सांगायची म्हटलं तर ही. अल्बेमार्ल साउंड (किनाऱ्याआतलं खाडीसारखं रुंद पाणी) म्हणजे पंधरा मैलांचं उघडं पाणी, खोली मात्र पंधरा-वीस फूट. एवढ्या उथळ पाण्यावर वारा वीस नॉटच्या वर गेला की लाटा उंच होत नाहीत. आखूड आणि उभ्या होतात, आणि बोट एकीवरून उतरते न उतरते तोच नाक दुसरीत जातं. असल्या घुसळणीत डिझेलच्या टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ उठतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं मध्यावर बंद पडतं. म्हणून निघण्याआधी टाकी साफ करून घ्या आणि फिल्टर डोळे मिटून बदलता येईल इतका सराव करा. एलिझाबेथ सिटी किंवा, दुसऱ्या वाटेने आलात तर, कॉइनजॉक, या दोन्ही ठिकाणी दोन-तीन दिवस थांबावं लागलं तर आनंदाने थांबा. थंड हवेची लाट आली की वारा नैर्ऋत्येकडून वायव्येला आणि मग उत्तरेला फिरतो, एक-दोन दिवस जोरात वाहतो आणि पडतो. तो पडल्यानंतरची सकाळ तुमची.

आणखी एक. अल्बेमार्ल आणि पॅम्लिको या साउंड्सना बाहेरच्या वाळूच्या बेटांनी समुद्रापासून तोडलंय, त्यामुळे तिथे चंद्राची भरती-ओहोटी जवळजवळ नसते. पाणी चढवतो-उतरवतो तो वारा. करीटकच्या बाजूला उत्तरेचा वारा दोन दिवस राहिला की पाणी फूट-दीड फूट सहज खाली जातं. भरतीचं कोष्टक तिथे कामाचं नाही.

आत की बाहेर, याचं उत्तर नॉरफोक ते नॉर्थ कॅरोलिनातलं बोफर्ट एवढ्या टप्प्यासाठी नि:शंक ‘आत’ असं आहे. बाहेर हॅटरस भूशीर आहे, गल्फ स्ट्रीम तिथे किनाऱ्याजवळून उत्तरेला वाहतो, आणि ईशान्येचा वारा त्या प्रवाहाला आडवा गेला की जे पाणी तयार होतं त्यात ३४ फुटी बोट घेऊन दोन माणसांनी जाऊ नये. बोफर्टच्या पुढे मात्र दोन शांत दिवसांची खात्री असेल तर बाहेरून उडी मारायला हरकत नाही. मुखं निवडा ती मोठ्या जहाजांची: बोफर्ट, केप फिअर, चार्ल्सटन, सेंट मेरीज. चार्ल्सटन ते सेंट मेरीज अशी एक रात्र समुद्रात काढली की सगळं जॉर्जिया मागे पडतं. नोव्हेंबरपासून त्या पट्ट्यात राइट व्हेल माद्या पिलांना जन्म द्यायला येतात. त्यांच्यापासून ५०० यार्ड लांब राहणं कायद्याने बंधनकारक आहे.

खोलीचं खरं दुखणं

कागदोपत्री नॉरफोक ते फोर्ट पिअर्स खोली १२ फूट, तिथून मायामीपर्यंत १० फूट. मार्गाची देखभाल लष्कराच्या अभियंता दलाकडे, म्हणजे आर्मी कोअरकडे आहे, आणि निधी येईल तसा गाळ उपसला जातो. प्रत्यक्षात उथळ जागा ठरलेल्या आहेत आणि त्या का उथळ होतात हे कळलं की अर्धी भीती जाते.

एक प्रकार समुद्राच्या मुखांचा. जलमार्ग जिथे एखादं लहान मुख ओलांडतो, तिथे भरती बाहेरून वाळू घेऊन येते, आत पाणी पसरतं, वेग मरतो आणि वाळू खाली बसते. लॉकवुड्स फॉली, शॅलॉट, फ्लोरिडातलं मटॅन्झस ही त्यांतली नावं. वादळागणिक वाळूचा आकार बदलतो आणि तटरक्षक दल बोये हलवतं. नकाशावरची गुलाबी रेषा मात्र जुन्याच जागी राहते. रेषा आणि बोया यांत भांडण झालं तर बोयाचं ऐका. आणि पार करताना एकाने मागे वळून बघत राहायचं: पुढच्या बोयाकडे नाक आहे म्हणजे तुम्ही मार्गात आहात असं नव्हे, पाणी तुम्हाला आडवं सरकवत असतं. मागचा बोया कुठल्या बाजूला जातोय त्यावरून ते कळतं.

दुसरा प्रकार जॉर्जियाचा. तिथला किनारा आत वळलेला, समुद्रतळ उथळ आणि रुंद, त्यामुळे भरतीचं पाणी कोंडून सात ते नऊ फूट चढतं. बेटाच्या दोन टोकांच्या मुखांतून शिरलेली भरती बेटामागच्या नदीत मध्यावर भेटते. जिथे भेटते तिथे पाणी क्षणभर थांबतं आणि गाळ टाकतं. लिटल मड रिव्हर, हेल गेट, जेकिल क्रीक या जागा ओहोटीला पाच फुटी कण्याला बसवू शकतात. पण त्याच जागी अर्धी भरती म्हणजे साडेतीन फूट जास्तीचं पाणी. तेव्हा दिवसाची आखणी उलटी करा. ओहोटीचा तळ सकाळी साडेसातला असेल तर साडेदहाच्या सुमारास उथळ जागेच्या तोंडाशी पोचायचं, आधी नाही. चढत्या पाण्यात बसलात तर वीस मिनिटांत तुमची तुम्ही तरंगाल. भर भरतीला जाण्याचा मोह होतो, कारण पाणी सर्वांत जास्त तेव्हाच असतं. पण तेव्हा बसलात तर पाणी उतरतच जाणार. बोट आडवी होणार, बारा तास अडकणार, आणि उधाण सरून भांग (कमी चढणारी भरती) येत असेल तर पुढच्या भरतीलाही सुटेल याची खात्री नाही. जुना तांडेल (होडीचा नाखवा) सुकतीला, म्हणजे ओहोटीत, अनोळखी खाडीत शिरत नाही. इथेही तेच.

बसलातच, तर पहिलं काम थ्रॉटल मागे. पुढे जोर लावून निघायचा प्रयत्न सगळे करतात आणि आणखी रुततात. आलात त्याच वाटेने मागे निघायला बघा; माणसं एका बाजूला बसवून बोट थोडी कलती करा; नाही जमलं तर डिंगीतून नांगर खोल पाण्याकडे नेऊन टाका आणि विंचवर दोर ओढा. तळ बहुतेक ठिकाणी चिखलाचा आहे, इजा होत नाही. अपवाद मर्टल बीचच्या अलीकडचा ‘रॉक पाइल’ नावाचा कालवा. हा भाग १९३० च्या दशकात खडक फोडून काढलेला आहे आणि दोन्ही कडांना पाण्याखाली दगड आहेत. तिथे मधोमध चाला, आणि समोरून बार्ज येतेय का हे रेडिओवर आधी विचारा. टो बोट यूएस किंवा सी टो, यांपैकी एकाचं अमर्याद ओढून नेण्याचं सदस्यत्व निघण्याआधी घ्या. वर्षाचे ते पैसे एकदाच ओढून घ्यावं लागलं तरी वसूल होतात.

नकाशांसाठी दोन वेगवेगळी साधनं ठेवा. नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेचे पारंपरिक कागदी नकाशे आता बंद झालेत. टॅबलेटवर अ‍ॅक्वा मॅप घेतलंत तर आर्मी कोअरच्या ताज्या मोजणीचे रंगीत थर नकाशावर दिसतात. उथळ जागी बोटीवरच्या प्लॉटरपेक्षा (नकाशा दाखवणाऱ्या यंत्रापेक्षा) मी त्यावर जास्त भरवसा ठेवते.

पूल, मार्कर आणि रीतभात

स्थिर पूल ६५ फुटांचे, मायामीतला ज्युलिया टटल ५६ फुटांचा. तुम्ही सगळ्यांखालून जाल. उघडणाऱ्या पुलांना व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात व्हीएचएफ रेडिओच्या १३ नंबरवर बोलवायचं, साउथ कॅरोलिनापासून पुढे ९ वर. पुलाचं नाव आधी घ्या, मग आपलं. पाणी पुलाकडे वाहत असेल तर फार आधी जवळ जाऊ नका. बोट उलटी वळवून नाक प्रवाहाकडे ठेवून थांबा.

दक्षिणेला जाताना लाल मार्कर उजव्या हाताला. नद्यांच्या मुखांशी, केप फिअर किंवा सेंट जॉन्सला, रंग उलटे झाल्यासारखे वाटतात, कारण तिथले बोये त्या नदीचे असतात. तिथे मार्करवर छोटी पिवळी खूण शोधा: पिवळा त्रिकोण उजवीकडे, पिवळा चौकोन डावीकडे, मूळ रंग कोणताही असो.

मोटरबोटी तुम्हाला मागे टाकून जातील. चांगला चालक रेडिओवर विचारतो. तो विचारतो तेव्हा तुम्ही तुमचा वेग अगदी कमी करा. मग त्यालाही हळू जाता येतं आणि लाट उठत नाही. तुम्ही सहाच्या वेगाने चालत राहिलात तर त्याला आठ-नऊने जावं लागतं, आणि गॅसवरचा कुकर खाली येतो.

कॅम्प लेजूनला मरीन्सचा गोळीबाराचा सराव असला की जलमार्ग काही तास बंद असतो. चिडू नका, जवळच्या माइल हॅमॉक बेमध्ये नांगर टाका. साउथ कॅरोलिनातली वॅकामॉ नदी मात्र घाईने उरकू नका: दोन्ही काठांना पाण्यात उभे सायप्रस, नोव्हेंबरात तांबूस झालेले, आणि आडव्या फाट्यांत नांगरायला हव्या तितक्या शांत जागा. कंबरलँड बेटावर डिंगीने उतरा. मोकाट घोडे आणि कार्नेगी कुटुंबाच्या डंजेनेस वाड्याचे अवशेष एका सकाळीत पाहून होतात. एव्हाना बोटीच्या नाकावर तपकिरी पाण्याने मिशी उमटलेली असेल. लिंबाचा रस चोळला की निघते.

दिवाळी वाटेतच येईल. आकाशकंदील जरूर लावा, पण केबिनच्या आत. नांगरलेल्या बोटीची ओळख म्हणजे सगळीकडून दिसणारा एकच पांढरा दिवा. बाहेर लाल-हिरवा कंदील टांगलात तर समोरच्याला तुमची बोट चालती वाटू शकते.

तिकिटांचं काय

मुलांना सांगा की तारीख तुम्ही ठरवा, गाव आम्ही आठवडाभर आधी कळवू. चार्ल्सटन, सव्हाना, जॅक्सनव्हिल, ऑरलँडो, सगळीकडे विमानतळ आहेत आणि सगळे या मार्गाच्या जवळ आहेत. परतावा मिळणारं किंवा गाव बदलता येणारं तिकीट थोडं महाग पडेल, तरी तेच घ्या. थँक्सगिव्हिंगला तुम्ही जॉर्जियाच्या दक्षिण टोकाच्या सेंट मेरीजच्या आसपास असलात तर तिथे थांबा. वाटसरू बोटवाल्यांसाठी गावकरी जेवण घालतात, पदार्थ घेऊन जायची पद्धत आहे, आणि पुढच्या महिनाभराचे सोबती तिथे मिळतात.

नाताळपर्यंत सेंट ऑगस्टिन गाठणं तुम्हाला सहज जमावं. जॅक्सनव्हिलच्या विमानतळापासून ते गाडीने साधारण तासावर आहे. १५६५ साली वसलेलं गाव, त्या दिवसांत सगळीकडे दिव्यांची आरास, आणि बोट धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. शहराच्या मरिनातले मूरिंग बोये (बोट बांधायचे कायमचे बोये) डिसेंबरात भरतात, तेव्हा फ्लोरिडाच्या सुरुवातीचं फर्नांडिना सोडताच फोन करा. मायामी जानेवारीतही तिथेच असेल, आणि लेक वर्थच्या पुढे दर दोन-तीन मैलांवर उघडणारा पूल आहे. तो टप्पा मुलं परत गेल्यावर सावकाश करा.